दुसरीचे लाकडी जोडे

मंगळवार, ३ सप्टेंबर १९७४

देवाच्या दयेने वृद्धाश्रमात मदतनीसाचं काम मिळालं. लग्नानंतर पहिल्यांदाच घराबाहेरचं काम. बंदरापासून वाऱ्याच्या तोंडावर सायकल हाणत गेले, तरी आठाला पाच कमी असताना हजर. हिशोबाची वही अॅप्रनच्या खिशात असतेच, तिच्याच मागच्या पानांवर लिहिते आहे.

सहा नंबरच्या खोलीत आनेबाई! रविवारी आम्हा पोरींना बायबल शिकवायच्या त्या. आता दोन्ही डोळे गेलेत, माणूस पावलांवरून ओळखतात. मी दारात पोचायच्या आत म्हणाल्या, ही तर बंदरावरची मारेन, अजून तशीच घाईने चालतेस, पडशील एखाद दिवस. माझे डोळे भरून आले. दर शनिवारी त्यांना आंघोळ घालायची ती मीच.

मुख्य परिचारिका डामगोरबाई पायांकडे बघूनच बोलतात. कामाचे लाकडी जोडे दुपारनंतर घ्यायचे, तेव्हा पाय सुजलेले असतात म्हणजे माप खरं कळतं. टाचेला पट्टा, तळाला रबर, बोटं हलतील एवढी जागा. आणि दुसरीचे वापरलेले चालणार नाहीत, म्हणजे नाहीत. बरोबरची बिर्थे कानात म्हणाली, देवदूत जरी उतरला ना, तरी बाई आधी त्याच्या पायात काय आहे ते बघतील. खूप हसलो.

गुरुवार, ५ सप्टेंबर

इथली रीत अशी की बाई काम सोडून गेली किंवा वारली, की तिचे लाकडी जोडे त्याच दिवशी तळघरातल्या भट्टीत जातात. पण भट्टीमागे एक जोड तसाच पडलेला सापडला. बीच झाडाचं लाकूड, जाड कातडं, अजून दहा वर्षं हलणार नाही. टाचेवर डागून नाव लिहिलंय, थिरा. एकोणीस वर्षं इथे मदतनीस होती, वसंतात जिन्यावरून पडून वारली ती. तिच्या जोड्यांना हात लावायला कोणी धजलं नाही म्हणे.

धडधाकट वस्तू जाळणं म्हणजे देवाने दिलेलं थुंकून टाकणं. चाकूने नाव खरवडलं. माझ्या मापाचे निघाले, नव्यांचे पैसे वाचले. टाचेला पट्टा नाही, पण त्याने काय बिघडतं? डामगोरबाईंना सांगितलं, बहिणीचे आहेत, फारसे वापरलेले नाहीत. खोटं बोलले. रात्रीच्या प्रार्थनेत कबूल करून टाकीन.

शनिवार, ७ सप्टेंबर

लाकडात दुसरीच्या पावलाचा खळगा पडलाय. एकोणीस वर्षांचा. उजवी करंगळी चेमटते. सवय होईल.

मी व्हरांड्यातून गेले की खोल्यांमधलं बोलणं बंद पडतं. आनेबाईंनी पांघरूण दोन्ही मुठींत धरून ठेवलं होतं. हाक मारली तेव्हा हसल्या, अगं तू होय. मुठी मात्र सुटल्या नाहीत. आंघोळ नीट झाली. पाठ पुसताना त्यांनी जुनं स्तोत्र गुणगुणलं, मीही म्हटलं.

बुधवार, ११ सप्टेंबर

काल संध्याकाळी घरी पोल बटाटे सोलत होता. मी आत आले तर मान वर न करता विचारलं, कोण आलंय? सत्तावीस वर्षं संसार केलाय या माणसाबरोबर. मी आहे म्हटलं, तर म्हणतो, मग उजवा पाय का ओढतेस?

आज सकाळी बिर्थेला हसत हसत हे सांगितलं. ती हसली नाही. थिरा उजवा पाय ओढायची. मग पायांकडे बघून म्हणाली, मारेनबाई, खरं सांगा, कोणाचे आहेत हे? सांगितलं. तेव्हा उरलेलं तिने सांगितलं. थिरा आंघोळीचं पाणी कढत ठेवायची. म्हाताऱ्यांनी कधी तक्रार केली नाही, कारण पुढच्या शनिवारी पुन्हा तीच यायची.

शनिवार, १४ सप्टेंबर

पाणी मी कोपराने पाहिलं होतं. बायबलवर हात ठेवून सांगेन, कोमट होतं. आनेबाईंचा खांदा लाल झाला, पोपडा निघाला. त्या ओरडल्या नाहीत. तेच मला सहन होत नाही. ओरडल्या नाहीत.

रविवार, १५ सप्टेंबर

चर्चहून आल्याबरोबर जोडे घरच्या शेगडीत घातले. लाकूड जळायला फार वेळ लागला. राख उकरून पाहिली, काही उरलं नाही.

मग अनवाणी ओट्याकडे गेले. ठक्. मग फरफट. पुन्हा ठक्. पोल माझ्या तोंडाकडे बघेना. पायांकडेच बघत राहिला.

सोमवार, १६ सप्टेंबर

माझे चर्चचे बूट चढत नाहीत. करंगळी आत वळलीय. टाच रुंद. हे पाय माझे नाहीत.

डामगोरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बहिणीचे म्हणाली होतीस ना, मग बहिणीलाच निस्तरायला सांग. पण आनेबाईंची आंघोळ बिर्थेकडे दिली. देवाचे उपकार. आता मी त्या खोलीकडे फिरकणारही नाही.

गुरुवार, १९ सप्टेंबर

व्हरांड्यात फरशा पुसत होते. मान वर केली तर समोर सहा नंबर. हात दाराच्या मुठीवर. तीनदा झालं.

उद्यापासून जात नाही. काम गेलं तरी चालेल. आनेबाईंना धक्का लागता कामा नये.

शनिवार, २१ सप्टेंबर

पोलकडून पाय टेबलाला बांधून घेतले. मासे धरायच्या जाळ्याच्या दोराने. दोर कापू नकोस, काहीही बोलले तरी, असं बजावलं. आंघोळ दहाला असते. तेवढी वेळ टळली की —

नऊ. पाय ताणतात. मी नाही, पायच —

पोल कुठे आहे? घोट्याला तुटलेला दोर. सायकल तर काढलीच नव्हती. वृद्धाश्रमापर्यंत चालत आले वाटतं. तळवे रक्ताळलेत —

बिर्थे जिन्याखाली पडलीय. हलतेय. देवा, तिला कोणी —

सहा नंबर. मी हाक मारली. आनेबाई, मी मारेन. तुमची मारेन. तीनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, थिराबाई. आणि मुकाट्याने बाही काढायला लागल्या —

नळ सुरू आहे. कोपराने पाहिलं. कोमट. शपथेवर सांगते, कोमटच लागतंय. पण आरशावर एवढी वाफ कशी —