काचांना शिलाईपुरती जागा

२ सप्टेंबर, सोमवार
चष्मा शिलाई मशीनवरून पडला. दोन्ही काचा गेल्या, फ्रेम शाबूत. मशीन जरा उतरतं आहे, माझी चूक नाही.
२८ला माझी बायको बिरागो गेली त्याला वर्ष होईल. त्या दिवशी आमच्या रीतीप्रमाणे काळ्यापांढऱ्या कापडाचा सदरा माझ्याच हातचा घालणार, असं तिच्या माहेरच्यांसमोर बोलून बसलोय. कुमासीतला जुना शिंपी बायकोच्या वर्षाला दुसऱ्याचं शिवलेलं घालील होय! सव्वीस दिवस आहेत. सदऱ्याला दोन पुरतात.

५ सप्टेंबर
आमची मुलगी ड्यूफी म्हणते, बाबा, नवा चष्माच घ्या की. घेणार नाही. ही फ्रेम बिरागोने निवडली होती म्हणून नव्हे. नाकाला सवय झालीय, एवढंच.

६ सप्टेंबर
अक्रा शहरातल्या चष्मेवाल्या बाईंना फोन. म्हणाल्या, मास्टर, काडीच्या आतून मॉडेल नंबर आणि साइज असते, तेवढी सांगा. मॉडेल घामाने पुसलंय. साइज ड्यूफीने वाचली: ५२, १८, १४०. मी म्हटलं, छाती ५२ आणि कंबर १८? असा माणूस देवाने अजून बेतला नाही. ड्यूफी हसली. म्हणाली, अहो बाबा, काच, नाकावरचा दांडा आणि काडी. मिलिमीटरमध्ये. मला ठाऊक होतंच.
घरात बऱ्याच महिन्यांनी कोणी हसलं. मला काही वाटलं नाही.

९ सप्टेंबर
बाई म्हणतात, मॉडेल नाही तर फ्रेमच पाठवा. विचारलं, शिंपी काय गिऱ्हाइकाचं अंग दुकानात ठेवून घेतो? माप घेतो ना! म्हणाल्या, बरं, माप पाठवा. मुद्दा पटलेला दिसतो.
खाकी कागदावर काचेचा आकार बेतला. चौफेर शिलाईपुरती जागा सोडली. मोठं असलं तर कापता येतं, लहान पडलं तर काय जोडणार? नंबराच्या चिठ्ठीसकट अक्राच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिला.

१७ सप्टेंबर
काचा नाहीत. दिवसभर मशीनपुढे बसतो. शेंगदाण्याचं सूप समोर गार होतं. दुःख वगैरे नाही, नजरेचा प्रश्न आहे.
समोरचा शिंपी एन्टिम विचारून गेला, मास्टर, मी शिवू का? त्याची काजं पाहिलीत मी.

२४ सप्टेंबर
काचा आल्या. मोठ्या. बाईंनी कागदाबरहुकूम कापल्यात, केसभर कमी नाही. असं आज्ञाधारक माणूस हल्ली मिळत नाही.
ड्यूफी म्हणाली, बाजारात मशीनवर घासून देतील. मी म्हटलं, मी सोडलेली जागा मीच कमी करणार.

२५ सप्टेंबर
उजवी काच पाट्यावर घासताना फुटली. दगड निकृष्ट.

२६ सप्टेंबर
डावी.

२७ सप्टेंबर, दुपार
चष्म्याशिवायच कापड कापलं. हाताला माप पाठ आहे. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. कापड संपलं. ड्यूफीला म्हटलं, एन्टिमला एक सदरा शिवायला सांग. पोराला सराव होईल.

२८ सप्टेंबर, संध्याकाळ
एन्टिमचा सदरा घातला. चांगला बसला. बिरागोच्या थोरल्या बहिणीने बाहीवरून हात फिरवला. म्हणाली, भावोजी, तुमचा हात लांबून ओळखू येतो हो! मी हो म्हटलं. एन्टिम शेजारीच उभा होता. म्हणाला, मास्टर ते मास्टरच. ड्यूफी माझ्याकडे बघत राहिली. मला लाज वाटली, पण म्हटलेलं ‘हो’ परत घेता आलं नाही.
घरी येऊन रडायचं ठरवलं होतं. वर्षभर राहूनच गेलं होतं. सदरा काढून ठेवला, खुर्चीत बसलो, वाट पाहिली.
झोप लागली.