तिसऱ्यांदा तपासलेला अ‍ॅक्सल

मी, आप्पासो दादू खोत, वय ६३, धंदा ट्रॅक्टर-ट्रॉलीचे अ‍ॅक्सल बनवणे, राहणार कुपवाड, पूर्ण शुद्धीवर व स्वखुशीने हे लिहून ठेवतो. वकील लावला नाही. वकील मधेच काय घुसडील, भरवसा नाही.

१) राहते घर पत्नी बयाबाई हिला. तिजोरीची किल्ली आपल्या कमरेला आहे असे ती तीस वर्षे समजते. ती किल्ली दुसऱ्याच कुलपाची. खरी घड्याळामागे आहे. तिने मला खुशाल शिव्या द्याव्यात.

२) कारखाना, हत्यारे व माझ्या नावाचा ठसा धाकटा भाऊ नानासो, राहणार उंब्रज, यास. याच नानासोला मी सात वर्षांपूर्वी कामचोर म्हणून हाकलले, तेव्हा खुलासा करणे भाग आहे.

आमची रीत अशी, की प्रत्येक अ‍ॅक्सल ट्रॉलीला लावायचा, दुप्पट दगड भरायचे, आवारातल्या चरावरून शंभर फेऱ्या मारायच्या. टिकला तर ठसा मारून विकायचा. एका अ‍ॅक्सलच्या फेऱ्या नानासोने मोजल्या. मला संशय आला, याने कमी मोजल्या. पुन्हा शंभर मारायला लावल्या. तरी मन मानेना, म्हणून तिसऱ्यांदा. नानासो म्हणाला, "आवं दादा, लोखंड बी दमतंय. लय झालं आता." मी म्हणालो, "दमलायस तू. लोखंडाचं नाव सांगू नगंस."

तो अ‍ॅक्सल रहिमतपूरच्या रस्त्यावर उसाच्या भरल्या ट्रॉलीखाली तुटला. ड्रायव्हर अर्जुनाचा पाय गेला. तिसऱ्या खेपेला न तपासताच ठसा मारलास, असे मी चारचौघांत नानासोला म्हणालो. तो त्याच दिवशी उंब्रजला निघून गेला.

गेल्या साली सांगलीच्या एका इंजिनिअरने त्या अ‍ॅक्सलचा तुकडा पाहिला. म्हणाला, चीर आधीपासून होती, तपासणीनेच पाडली. मला त्याचाही संशय आला. मी तीन नवे अ‍ॅक्सल तीन-तीनदा तपासले. दोन तुटले.

अर्जुनाचा पाय मी घेतला. नानासोने नव्हे.

३) घराच्या रस्त्याकडच्या दोन खोल्या अर्जुनाला. बयाबाई कबूल आहे. तिला मी दोनदा विचारले.

४) यापुढे दहांतला एकच नग तपासावा; तपासलेला नग विकू नये, मोडीत टाकावा.

साक्षीदार केरबा माने व आकाराम लोंढे यांनी माझ्या डोळ्यांदेखत सह्या केल्या. कागद मी हातातून सोडला नाही.

हे मी दोनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचले तर दुसरे कलम खोडीन, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणून आत्ताच्या एस.टी.ने उंब्रजला जाऊन हे नानासोच्या हातात देत आहे.

सही: आप्पासो दादू खोत
साक्षीदार: १) केरबा माने २) आकाराम लोंढे
कुपवाड, ता. १४ मार्च १९७८