वनस्पतिजन्य साबण आणि तुमचे बंधुराज

तीर्थस्वरूप वन्संना,

तुमच्या एकुलत्या एका भावजयीचा ओल्या हातांनी साष्टांग नमस्कार. (हात ओले आहेत, कारण पुसायला घरात धड टॉवेल उरलेला नाही. का, ते पुढे येईलच.) तुमची तब्येत कशी आहे? भावोजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना म्हणावं, जिना चढू नका, आणि तुम्ही त्यांच्यामागे धावू नका. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खुशाल एकच माणूस आहे, आणि तो तुमचा भाऊ आहे.

तुम्ही पाहिलंच आहे, निवृत्त झाल्यापासून हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचे. वरच्या मजल्यावरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, चादरी बदलायच्या, न्याहारी द्यायची, हा सगळा गाडा मी एकटी ओढत होते. त्यातून गेल्या वर्षी निम्म्या खोल्या रिकाम्या. एक दिवस वैतागून मीच म्हटलं, "अहो, निदान खोल्यांमधल्या साबणांकडे तरी बघा." झालं! माकडाच्या हाती कोलीत. (तुमच्या भावाला माकड म्हणत नाही, म्हणच तशी आहे.) कारखान्यात भिंगातून माल तपासण्यात यांची हयात गेलेली. भिंग काढलं, साबणाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचली आणि जाहीर केलं की आपण पाप करतो आहोत. पाहुणा वडी एकदा हाताला लावतो, उरलेली आपण फेकतो, वर प्लास्टिकचं वेष्टन कचऱ्यात, आणि तो सगळा फेस गटारातून ओढ्यात. ओढ्यातल्या माशांनी काय करायचं? (हे खरंच आहे. यांचं बरोबर असतं तेव्हाच यांचा जास्त त्रास होतो.)

मग निसर्गाला सोसेल असा साबण शोधायची मोहीम निघाली. मला बरोबर नेलं, पिशवी धरायला. दुकानदाराने शुद्ध वनस्पती तेलाचा म्हणून एक साबण दिला. यांनी विचारलं, "कुठल्या वनस्पतीचं तेल?" तो म्हणाला, पामचं. "मग त्यासाठी जंगल कुठलं तोडलं?" दुकानदार बिचारा घाबरून म्हणाला, "काका, मी तर आत्ता दुकान उघडलं." दुसरा साबण पसंत पडला, पण त्याला प्लास्टिक. तिसऱ्याच्या खोक्यावर मोठं हिरवं पान छापलेलं, आत पानाचा पत्ता नाही. हल्ली आम्ही त्या रस्त्याने निघालो की दुकानदार पोत्यांमागे जातो. शेवटी बाजारामागच्या गल्लीत घरी साबण करणाऱ्या एक बाई सापडल्या. त्या रद्दी कागदात गुंडाळून वड्या देतात. हळदीची, ओट्सची, बदामतेलाची, कोळशाची. यांनी सगळ्या घेतल्या.

वन्सं, या साबणांचे जेवढे लाड, तेवढे बाळंतिणीचेही नसतील! पाण्यात राहिले तर विरघळतात, म्हणून त्यांना लाकडी पट्ट्यांच्या फळ्या. तरी सुकत नाहीत म्हणून पाहुण्याच्या खोलीतला टेबलफॅन काढून साबणांना लावला. पाहुण्याने तक्रार केली, तर हे त्याला म्हणाले, "तुम्ही विरघळत नाही." हळदीच्या वडीने माझे पांढरेशुभ्र टॉवेल पिवळे केले. ती बंद करून कोळशाची ठेवली, तर उरलेले काळे झाले. लाँड्रीवाल्याने विचारलं, "ताई, घरात रंगकाम काढलंय का?" मग बदामतेलाच्या वडीचा कोपरा उंदराने खाल्ला. मी कपाळाला हात लावला, आणि हे आनंदाने ओरडले, "बघितलंस? जुन्या साबणाला त्याने कधी तोंड लावलं नव्हतं!" म्हणजे आता आमच्याकडे मालाची पारख उंदीर करतो. ओट्सच्या वडीने तर न्हाणीघराची नळी तुंबवली. प्लंबरने आतला लगदा बाहेर काढला, वास घेतला आणि विचारलं, "पाहुण्यांना न्याहारी इथेच देता का?"

हा प्लंबर आलेला असतानाच घात झाला. सहली नेणाऱ्या एका कंपनीच्या बाई त्याच दिवशी खोल्या बघायला आल्या. त्यांना पसंत पडलं तर वर्षभर माणसांचा राबता, नाही तर वरच्या मजल्याला कुलूप, इतकं सरळ होतं. प्रवासातून आलेल्या, म्हणून तोंड धुवायला त्यांना एक खोली उघडून दिली आणि तिथल्या न्हाणीघरात जुन्या साबणाची लपवलेली वडी मी गुपचूप ठेवली. यांनी ती त्याहून गुपचूप उचलली आणि कोळशाची ठेवली. बाईंनी तोंडाला साबण लावला, आणि त्याच क्षणी खाली प्लंबरने पाण्याचा कॉक बंद केला.

किंकाळी ऐकून मी धावले. बाई दारात उभ्या, डोळे गच्च मिटलेले, तोंडभर काळा फेस. हे बादली घेऊन आले, आणि वन्सं, पाणी घालायच्या आधी समजावू लागले! "घाबरू नका, नारळाच्या करवंटीचा कोळसा आहे, पूर्ण नैसर्गिक."

"आधी पाणी घाला हो!" बाई ओरडल्या.

हे तांब्या-तांब्याने पाणी घालत होते आणि ओढा, मासे, जंगल असं सगळं सांगत होते. बाई ऐकत होत्या. डोळे मिटलेल्या माणसाला पळता येत नाही. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. तोंड धुऊन झालं, बाईंनी आरशात पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं आणि खाली बसून पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "खोल्या काय, सगळीकडे सारख्याच असतात. पण असला अनुभव माझे प्रवासी विसरणार नाहीत." माणसं पाठवणार आहेत. अट एकच, प्रत्येक गटाला यांनी साबणांची माहिती द्यायची.

इतकी वर्षं मी चादरींना कडक इस्त्री करते आहे. तिच्याबद्दल बाईंनी चकार शब्द काढला नाही.

तेव्हापासून हे जमिनीवर नाहीत. आता भांड्यांच्या साबणावर नजर गेली आहे, आणि काल माझ्या टूथपेस्टकडे भिंगातून बघत होते. वन्सं, हे जगात एका तुम्हालाच भितात. काहीतरी निमित्त काढून यांना महिनाभर तिकडे बोलावून घ्या, एवढीच पदर पसरून मागणी.

भावोजींना नमस्कार.

तुमची,
पिवळ्या-काळ्या टॉवेलांची मालकीण

ता. क. बोलवा म्हटलं ते मनावर घेऊ नका. पहिला गट यायचा आहे आणि माहिती द्यायला हेच लागतील. शिवाय हल्ली पहाटे उठून वड्या उलटसुलट करताना गुणगुणतात. खुर्ची रिकामी असते, मी तिच्यावर घड्या ठेवते. त्यापेक्षा तुमच्या गावच्या घाण्याचं खोबरेल डबाभर पाठवा. साबणवाल्या बाईंना चांगलं तेल मिळत नाही. मी मागितलं हे यांना सांगू नका.

ता. क. दुसरा. एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगते. बदामतेलाची एक वडी मी माझ्या कपाटात कपड्यांखाली ठेवली आहे. महिनोन्‌महिने रोज वापरते, पण झिजत म्हणून नाही. टिकाऊपणाला मानलं हो!

ताई, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, आणि पाकीट नीट चिकटलं नव्हतं. हिने लिहिलंय ते सगळं खरं आहे, टिकाऊपणाचं सोडून. ती वडी पंधरा दिवसांत संपते. झिजत आली की मी नवी ठेवतो, कडा थोड्या घासून. हिला कळू देऊ नकोस. तेल दोन डबे पाठव.