दुसरा हुंकार

प्रिय छकुले,

आज १२ मार्च, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे झाली आहेत. संमोहनवाल्या बाईंनी दिलेले रेकॉर्डिंग मी आत्ताच सहाव्यांदा ऐकले.

तू गेल्यापासून मला झोप नाही. चुंबकाची गादी झाली, तळपायांचे बिंदू दाबून झाले. शेवटी आई म्हणाली, “आता हेही करून बघ बाबा, निदान माझा तरी डोळा लागेल.”

बाई दहापासून उलटे आकडे म्हणतात आणि प्रत्येक आकड्याला आपण हुंकार द्यायचा, असा हा उपचार आहे. रेकॉर्डिंगमध्ये माझा ‘हं’ सातला थांबतो. तिथून एकपर्यंत दुसरेच कोणीतरी बारीक आवाजात ‘हं’ म्हणते.

माझ्या गोष्टी ऐकताना तू अस्साच हुंकार द्यायचीस. तापातल्या त्या दुपारी तो मध्येच थांबला. तुला झोप लागली असे समजून मी गोष्ट शेवटपर्यंत सांगत बसलो. आईला हाक मारली नाही. हे मी अजून कोणालाच सांगितलेले नाही.

बाईंनी पावतीवर दोघांची फी लावली. मी विचारले, तर म्हणाल्या, “दोघं होतात ना? पुढच्या खेपेला तिला जायला सांगू, मग झोपाल ढाराढूर.”

मी पुढची वेळ घेतली नाही.

तुझा जागा असलेला,
दादा

दिले : माझे तीनशे.
बाकी : तुझे तीनशे आणि अर्धी गोष्ट.