कार्डावरची तीन नावं

महाड, ता. १२ जानेवारी २०२५

प्रिय दादास,
सेजलचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. फोन केला की तू तो स्पीकरवर ठेवतोस आणि बाबा शेजारीच असतात, म्हणून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहिते आहे. आईच्या हाताचं प्लास्टर निघालं. वाडीवर पोचल्या पोचल्या गुरांमागे गेली, कुणाचं ऐकत नाही.

आता खरं कारण. आईला इथल्या दवाखान्यात नेलं तेव्हा काउंटरवर बाबांच्या आरोग्य विम्याचं कार्ड मागितलं. त्यावर तीन नावं: मुरारी, बायजा, हृतिक. मी कार्ड उलटून मागेही पाहिलं. मागे हेल्पलाइनचा नंबर!

चार वर्षं तुम्ही तिघं विम्यात आणि मी बाहेर. तुला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्याच्या एसी खोलीतले फोटो पाठवत होतास, तेव्हाच जळले होते मी. आता तर नुसती आग होते आहे. मुलगी परक्या घरी जाणार म्हणून माझा हप्ता वाचवला ना? मला तुझा हेवा वाटतो, दादा. लिहिलं की कमी होईल असं वाटलं होतं, झाला नाही.

तर माझा विमा मीच घेते आहे. शिकवणीचे पैसे साठलेत. वर्गातल्या ज्योतीबरोबर बसून तीन योजना ताडून पाहिल्या. सगळ्यात स्वस्त घेतली तर पनवेलच्या अलीकडे त्यांचा एकही दवाखाना नाही, म्हणून मधली निवडली. फॉर्ममध्ये पूर्वीच्या आजारांची भली मोठी यादी आहे. सगळीकडे नाही, नाही, नाही लिहून टाकलं. पंचवीस तारखेला सही करून देणार.

बाबांना सांगू नकोस. लोभ असावाच, पण तो दोघांत सारखा वाटला जावा.

तुझी विम्याबाहेरची बहीण,
सेजल

---

भांडुप, ता. १७ जानेवारी २०२५

चि. सेजल हिस,
अ. उ. आ.

सही करू नकोस. आधी हे वाच, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

तू सात वर्षांची असताना तुला फिट आली होती. दोनदा. तीन वर्षं जंताच्या म्हणून रोज गोळ्या खाल्ल्यास, त्या फिटच्या होत्या. यादीत हा आजार असणारच. नाही लिहून सही केलीस आणि उद्या काही झालं, तर कंपनी क्लेम सरळ रिजेक्ट करेल.

बाबांनी विमा काढला तो पोलादपूरच्या भरतभाऊंकडे. भरतभाऊ विमेही काढतात आणि सोयरिकीही जुळवतात, तुला माहीत आहे. तुझं नाव घातलं की फिट लिहावी लागणार, आणि भरतभाऊंना कळलं की उमरठपासून तुडीलपर्यंत एक स्थळ येणार नाही, हे बाबांच्या डोक्यात पक्कं बसलंय. खोटं लिहायची हिंमत नव्हती, खरं लिहायचं नव्हतं. म्हणून नावच घातलं नाही. हप्त्याचं टेन्शन कधीच नव्हतं. कार्ड आलं तेव्हा मला सांगितलं आणि शपथ घातली.

आणि हेवा म्हणतेस? पहिली फिट आली त्या दिवशी मी पण तापाने फणफणलो होतो. बाबांनी तुला पाठीवर घेतलं आणि डोंगर उतरत पळत सुटले. मी दारात भोकाड पसरून उभा, त्यांनी मागे वळून पण बघितलं नाही. मग तीन वर्षं तूप तुझ्या भाकरीवर, मला नुसती चटणी. मी काय कमी जळलोय काय गो?

राग माझ्यावर काढ, पण माया पातळ करू नकोस.

तुझा दादा,
हृतिक

---

महाड, ता. २ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सेजलचा शि. सा. न. वि. वि.

दादाने सगळं सांगितलं. त्याला रागावू नका, त्याचा समाचार मी घेतला आहे. दादाचं नाव विम्यात आहे याचा हेवा गेला, तर माझं दुखणं त्याला माहीत आणि मला नाही, याचा सुरू झाला. माझं होतं ते, बाबा. मला सांगायला हवं होतं.

काल पोलादपूरला जाऊन भरतभाऊंना भेटले. वेगळा विमा नको, या महिन्यात तुमच्या विम्याचं नूतनीकरण आहे त्यात माझं नाव घालायचा फॉर्म द्या म्हटलं. फिटपुढे होय लिहिलं. वर्ष लिहिलं, गोळ्याही लिहिल्या. भरतभाऊंचा चहा गार झाला. मग हळूच म्हणाले की तुडीलच्या एका चांगल्या घरातून माझी चौकशी आली होती, त्यांना आता काय सांगायचं. मी म्हटलं, या फॉर्मची झेरॉक्स काढून द्या त्यांना.

हप्ता थोडा वाढेल. फिटच्या उपचाराचा खर्च पहिली काही वर्षं मिळणार नाही, बाकीचा मिळेल. फॉर्म सोबत जोडला आहे. विमा तुमच्या नावावर, म्हणून सही तुमची लागते. करायची नसेल तर तसं स्वतःच्या हाताने लिहून कळवा. दादाकडून निरोप नको.

रागातसुद्धा तुमचीच,
सेजल

---

भांडुप, ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. सेजल हिस,
बाबाचा आशीर्वाद.

अक्षर वाईट हाय, सांभाळून घे. तुझं पत्र चार येळा वाचलं. मी भ्यालो होतो गो पोरी, दुसरं काय नाय. तुला आधी सांगाया पायजे होतं. चुकलं माझं.

सही केली हाय. माझ्याशी नातं काय, ती जागा तू मोकळी सोडलेलीस. हृतिक बोलला की त्याचं अक्षर बरं हाय, त्यो लिवतो. त्याला हात लावू दिला नाय. मुलगी, असं मी लिवलंय. त्यो तवापासून तोंड फुगवून बसलाय.

तुझा बाप,
मुरारी