कानांच्या दुरुस्तीचे दुकान

३ ऑक्टोबर

क्षमा असावी. जिच्या हातून सांगण्यासारखे काही घडले नाही, आणि जे घडले ते सांगण्यासारखे नाही, तिने कोरे पान नासवावे हा आगाऊपणाच. पण आज इतकी उत्सुकता दाटून आली आहे, की ती ठेवायला घरात दुसरी जागा नाही.

श्रवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्या दुकानात उद्या कामासाठी बोलावले आहे! मावशीने शब्द टाकला. आई म्हणाली, "तिथे जाऊन तोंड उघडू नकोस. विचारलंच तर सांग, आजारी होते."

बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "आणि खटला? तो काय गोवर होता?"

४ ऑक्टोबर

तोंड उघडले.

मालकीणबाई स्वतः दोन्ही कानांना यंत्रे लावतात. त्या भिंगातून काहीतरी न्याहाळत होत्या, तेवढ्यात मी एका दमात सगळे सांगून टाकले — शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधी झोप उडाली. भिंतीतून गुणगुण येई, ती माझ्याविषयीच बोलते अशी खात्री पटली. मी इमारतीच्या विजेच्या तारा कापल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या ताई लिफ्टमध्ये अडकल्या, अंधारात पडल्या, त्यांचे मनगट मोडले. खटला, शिक्षा, मग रुग्णालय.

त्यांनी मान वर केली. कानामागे बोट नेले. "काय म्हणालीस? बारीक काम असलं की मी बंद करून ठेवते. पुन्हा सांग."

पुन्हा सांगितले! दुसऱ्या खेपेस ते निम्म्याने लहान झाले. असे का व्हावे?

"तार कापताना शॉक नाही बसला?"

"नाही."

"नशीब. इथे पक्कड मला विचारल्याशिवाय उचलायची नाही. उद्यापासून ये, जमतंय का बघू."

९ ऑक्टोबर

डॉक्टरांकडे असते तशी नळी. एक टोक यंत्राला, दोन माझ्या कानांत. एक यंत्र शिट्टी वाजवते, एक खरखरते. एका आजोबांचे नुसते मळाने बुजले होते. "मला वाटलं, सून बोलायची थांबली," ते म्हणाले. "चांगलं चाललं होतं की!"

१४ ऑक्टोबर

आज एक यंत्र गुणगुणले. अगदी तशीच गुणगुण. नळी काढून पळून जावे असे वाटले. पण ती येते कुठून, हे कळल्यावाचून राहवेना. झाकण उघडले — बॅटरीला टेकणाऱ्या धातूच्या पट्टीवर हिरवट गंज! खरवडला. गुणगुण थांबली. मग नुसती शांतता ऐकण्यासाठी पुन्हा कान लावला.

तेव्हा भिंतीत काहीच नव्हते. इथे गंज होता. ऐकणारी मात्र एकच. याचे भय वाटायला हवे होते. वाटले ते नवल.

२१ ऑक्टोबर

मालकीणबाई म्हणाल्या, "काम येतंय तुला. पण लोक इथे आपले कान सोडून जातात. तुझ्यासाठी शब्द देईल असं घराबाहेरचं कुणीतरी आण. महिनाअखेरपर्यंत. नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल."

"मावशी —"

"तुझी मावशी तुला देवाघरचं फूल म्हणते. तिचं राहू दे."

२५ ऑक्टोबर

आईच्या विनंतीवरून शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी पानभर लिहून दिले. हुशार, शालीन, वर्गात कायम पहिली. सगळे खरे. आई म्हणाली, "उद्या नेऊन दे, म्हणजे सुटलो." आता ते चौकटीत घालून भिंतीवर लावायचेच काय ते राहिले आहे.

वाचताना मला पत्रातल्या त्या मुलीचा हेवा वाटला — तिला कुणीही काम देईल! पण मालकीणबाईंनी तिच्याविषयी विचारलेच नव्हते.

मग माझ्याविषयी कोण सांगू शकेल?

२९ ऑक्टोबर

शिवणकाम करणाऱ्या ताईंना निरोप पाठवला. "तुमचे मनगट माझ्यामुळे मोडले. सध्या मी एका दुकानात काम शिकते आहे. माझ्याविषयी विचारता येईल असे माणूस मालकीणबाईंना हवे आहे. तुम्ही त्यांच्याशी बोलाल का? जे खरे वाटेल तेच सांगावे. उत्तर न देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे."

आईला ठाऊक नाही.

पाठवला — आज, २९ ऑक्टोबर, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी.