खोट दाखवणारा बोटवाला

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनच केला असता. पण इंजिनखोलीनं तुझे कान खाल्ल्यापासून मी इकडून घसा फोडायचा आणि तू तिकडून कोण गेलं म्हणून विचारायचं, त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी अशी, की चष्म्याचं दुकान दिलं एकदाचं, आणि मी बोट घेतोय. हसू नकोस. शिडाची जुनी यॉट आहे, आत दोघं झोपतील एवढी खोली, आणि वारा पडला तर चालवायला पोटात डिझेलचं इंजिन. बंदराच्या शेवटच्या धक्क्याला बांधलेली असते. मालक पूर्वी परक्या जहाजांना वाट दाखवून बंदरात आणायचे. सगळे त्यांना कप्तान म्हणतात. ऐंशीच्या घरात आहेत. विक्रीचं मात्र त्यांची मुलगी बघते. ती दातांची डॉक्टर.

किंमत इतकी कमी आहे, की मी दोनदा विचारून घेतली. तुझी भावजय म्हणते, स्वस्तातली बोट आणि फुकटचा सल्ला, दोन्ही बुडवतात. शिडांचं मला समजतं, पण इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. तू उभा जन्म प्रवासी बोटींच्या इंजिनांपाशी काढलास. काय बघू ते सविस्तर लिही.

गुडघा कसा आहे? लोभ आहेच, वर थोडा धीर पाठव.

तुझा,
ढब्बू

९ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी तुझंच डोकं उघडून बघावंसं वाटलं. पण तू ठरवलंयस म्हणजे आता देव आला तरी ऐकणार नाहीस. तेव्हा नीट वाच.

चांगली बोट कमी किमतीत कोणी देत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. गेल्या गेल्या इंजिनावर हात ठेव. कोमट लागलं, तर तू पोहोचायच्या आधी मालकानं चालवून ठेवलंय असं समज. गार इंजिन सुरू होत नाही ही खोट लपवायची ती जुनी युक्ती. नवा रंग दिसला, तर रंगाखाली काय आहे ते विचार. तेलाची कांडी काढून बघ. काळं तेल असू दे, डिझेलचं काळंच होतं, पण दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, तिथूनच परत फिर. सुरू झाल्यावर मागच्या नळीतून पाणी पिचकाऱ्या मारत बाहेर पडायला हवं, आणि धूर कुठल्या रंगाचा ते ध्यानात ठेव. लगेच बंद करू देऊ नकोस. तो मालक गप्पांत गुंतवायला लागला, तर तू बहिरा हो. माझ्यासारखा.

आणि चहा घेऊ नकोस त्याच्याकडे. चहा घेतला की तुझ्या तोंडून नाही निघत नाही, हे मला तू चड्डीत होतास तेव्हापासून माहीत आहे.

गुडघा जिन्यावर बोलतो, एरवी गप्प असतो. भावजयीला आशीर्वाद सांग. तिची अक्कल अजून शाबूत आहे.

तुझी,
ताई

१७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसा गेलो, संशयाची पुडी खिशात बांधून. आणि ताई, सगळं उलटंच झालं.

मी हात पुढे करायच्या आत कप्तानांनीच माझा हात धरून इंजिनावर ठेवला. बर्फासारखं गार. वर म्हणाले, बघून घ्या, नंतर म्हणाल म्हाताऱ्यानं गरम करून ठेवलं होतं. रंग जुना, जागोजागी उडालेला. गंजाचे डाग तर त्यांनी टॉर्च मारून एकेक दाखवले. तेल काळं, दुधाळ नाही.

किल्ली फिरवली तर पहिल्या फटक्यात सुरू. मागून पाणीही व्यवस्थित. मी खूश. पण जरा वेळानं मागून काळा धूर यायला लागला, शेजारच्या बोटीवर वाळत घातलेले कपडे काळे होतील एवढा. मग इंजिन धापा टाकायला लागलं, एकदा जोरात, एकदा हळू, आणि मेलं. पुन्हा सुरू होईना. कप्तान म्हणाले, हे असं आहे बघा, भर समुद्रात असंच करतं. यापूर्वी आलेले सगळे इथूनच परत गेले म्हणे. आणि हे सांगताना, तुला पटणार नाही, चेहऱ्यावर दुःख औषधालाही नव्हतं.

मुलीला भेटलो तर ती बिचारी किंमत आणखी उतरवायला तयार. म्हणाली, कशीही जाऊ दे, पण जाऊ दे. तिचं एवढं घाईवर का आलंय कोण जाणे.

चहा घेतला नाही. मुलीनं सरबत दिलं, ते घेतलं.

आता काय करू? नाद सोडून देऊ?

तुझा,
ढब्बू

२२ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

नाद सोडू नकोस. मला आता खरी झोप लागेनाशी झालीय.

आपल्या ताकाला कोणी आंबट म्हणत नाही. हा माणूस तर ताक नासलंय म्हणून दवंडी पिटतोय. का?

जरा विचार कर. गार असताना पहिल्या फटक्याला सुरू होणारं इंजिन आतून धडधाकट असतं. म्हातारं इंजिन गारठ्यात आधी खोकतं. मग ते मेलं कशानं? काळा धूर म्हणजे त्याला हवा कमी पडतेय. कमीजास्त धापा टाकून मरणं म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरतेय. जिथे हवी तिथे हवा नाही, आणि जिथे नको तिथे आहे. एकाच इंजिनाला एकाच वेळी हे दोन्ही आजार आपोआप होतात, असं माझ्या सगळ्या नोकरीत मी पाहिलेलं नाही. याला माणसाचा हात लागतो.

कप्तान नसताना जा. मुलीकडून किल्ली घे. टाकीकडून येणारी डिझेलची नळी बोटानं चाचपत जा आणि प्रत्येक नट नीट बघ. जुन्या गंजलेल्या नटावर पान्याच्या ताज्या, चकचकीत खुणा दिसल्या, तर तो बोटांनी फिरतो का पाहा. आणि इंजिन जिथून हवा ओढतं, त्या तोंडात हात घाल. इंजिन बंद असताना घाल रे बाबा, तुझं काही सांगता येत नाही.

लवकर लिही. शेजारीण विचारते, पोस्टमनची एवढी वाट का बघता, या वयात कोणाचं पत्र येणार आहे?

तुझी,
ताई

३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पायमोजा!

तपकिरी, लोकरीचा, टाचेला रफू केलेला. हवेच्या तोंडात दाबून बसवलेला. आणि नटही सापडला, तुझ्या शब्दाप्रमाणे गंजात चांदीसारख्या खुणा पडलेला. दोन बोटांनी फिरला. मी तिथेच फळीवर बसलो आणि एकटाच हसत सुटलो.

किल्ली सहज मिळाली. मुलगी दवाखान्यात कोणाची तरी दाढ चिमट्यात धरून उभी होती, तिनं मानेनंच किल्लीची खुंटी दाखवली. कप्तान डोळ्यांच्या तपासणीला गेले होते. मी नट आवळला, मोजा काढला, पुस्तिकेत बघून बघून नळीतली हवा काढली, आणि इंजिन सुरू केलं. अगं, काय चाललं! मी शेवटी कंटाळून बंद केलं. मग मात्र काय वाटलं कोण जाणे, मोजा पुन्हा आत कोंबला, नट सैल केला, आणि किल्ली परत दिली. मुलीनं विचारलं काही कळलं का. मी म्हटलं, विचार करतोय.

विचार खरंच करतोय. तिच्या लेखी इंजिन मेलेलंच आहे. ती मागेन त्या भावात देईल, आणि म्हातारा तोंड उघडणार नाही, कारण उघडलं तर त्याचंच बिंग फुटेल. मी कोणाला फसवलेलं नाही. फसवतोय तो. मी फक्त गप्प बसायचं आहे.

घाईचं कारणही मुलीकडून कळलं. मागच्या मोसमात कप्तान एकटेच बाहेर गेले होते, सुकाणूवर घेरी आली, आणि बोट आपोआप चिखलात जाऊन रुतली म्हणून वाचले. त्यांनी परत समुद्रावर जाऊ नये म्हणून ती बोट विकतेय, आणि ती विकली जाऊ नये म्हणून ते मोजे कोंबतायत.

तुला काय वाटतं? खरं म्हणजे मला माहीत आहे तुला काय वाटेल.

तुझा,
ढब्बू

४ एप्रिल

चि. ढब्बूस,
आशीर्वाद मोजून देत आहे.

इतके दिवस मी त्या म्हाताऱ्यावर संशय घेत होते. तुझ्यावर घ्यायला हवा होता.

मोजा परत कोंबलास! त्यानं कोंबला तो बोट जवळ राहावी म्हणून. तू कोंबलास तो कशासाठी? तूही आता त्याचा भागीदार झालास, फक्त त्याच्यापेक्षा वाईट कारणासाठी.

पैशाचं बाजूला ठेव. तू गप्प राहिलास आणि सौदा लांबला, तर एखाद्या दिवशी तो माणूस स्वतःच नट आवळून एकटा निघेल. त्याला इंजिन चांगलं आहे हे ठाऊक आहे, त्याच्या लेकीला नाही. ती समजते बोट बंद आहे, म्हणून निर्धास्त दाढा उपटतेय. पुन्हा घेरी आली आणि समोर चिखल नसला तर? तेव्हा तू काय विचार करत बसणार आहेस?

आधी त्याला सांग, तोंडावर, मोजा हातात घेऊन. मग मुलीला, तेही तो समोर असताना. पाठीमागून चुगली करू नकोस, म्हाताऱ्या माणसाचा तेवढा मान ठेव. आणि बोट घ्यायची तर चांगल्या इंजिनाच्या भावानं घे. परवडत नसेल तर नको घेऊस.

हे करेपर्यंत मला पत्र लिहू नकोस.

ताई

१५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

केलं. म्हणून लिहितोय.

इंजिनातून पुन्हा काढून आणलेला मोजा कप्तानांच्या स्वयंपाकघरात, टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून टाचेचं रफू अंगठ्यानं चाचपलं. मग विचारलं, कोणी शिकवलं. मी तुझं नाव सांगितलं, म्हणजे माझी बहीण, इंजिनवाली. म्हणाले, इथे न येता? मी म्हटलं, हो, पत्रातून. त्यांनी तुझा पत्ता मागून घेतला. देऊ नये असं वाटलं, पण दिला.

मुलगी आली, तिला सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती आधी हसली, मग गॅसपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली ती हललीच नाही. कप्तान उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावलं. मी जाईपर्यंत उघडलं नाही.

बोट घेतली. खऱ्या भावानं. तुझी भावजय तुझीच बाजू घेते आणि माझ्याशी बेतानं बोलते. पण ताई, दुसऱ्याच्या घरातून काहीतरी उचलून आणल्यासारखं वाटतंय. धक्क्यावर गेलो की कप्तानांच्या खिडकीकडे बघायचं टाळतो.

रागावलेली असलीस तरी लोभ राहू दे.

तुझा,
ढब्बू

२ मे

आदरणीय बाईंस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी तो मोजेवाला. पत्ता मागितला तेव्हा तुम्हाला चार शब्द सुनावायचे ठरवलं होतं. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. हे तिसरं.

तुमच्या भावानं तुम्हाला एक गोष्ट कळवली नसणार. गेल्या आठवड्यात त्यानं धक्क्यावर इंजिन सुरू केलं, आणि मागून पाण्याचा थेंब नाही. इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यायचा कॉक उघडायलाच विसरला होता! मी खिडकीत बसून ठरवलं होतं, की त्याच्याशी जन्मात बोलायचं नाही. पण इंजिनानं काय पाप केलं? चप्पल न घालता धावत गेलो आणि त्याला सगळ्या बंदरासमोर झाडला. त्यानं इंजिन बंद केलं, कॉक उघडला, आणि मग विचारलं, उद्या याल का म्हणून. मला दया नको होती, तसं म्हणालोही. त्यावर तो म्हणाला, दया नाही हो, भीती वाटते. ते मात्र खरं वाटलं.

तेव्हापासून जातो. त्याचा कान इंजिनाला अजून बसलेला नाही, तुम्ही जरा कडक लिहा. मुलगीही परवानगी देते, पण सुकाणूला हात न लावण्याच्या बोलीवर.

परवा वारा पडला म्हणून इंजिनावर परतत होतो. ऊन होतं. मी पुढे बसून त्याला बंदराचा दीपस्तंभ दाखवत होतो, आणि एकाचे दोन दीपस्तंभ झाले. पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा माझं डोकं तुमच्या भावाच्या मांडीवर होतं. एका हातानं तो मला धरून बसला होता, दुसरा हात सुकाणूवर होता, आणि बोट सरळ बंदराच्या तोंडाकडे चालली होती.

मुलीला मी स्वतःच सांगितलं. म्हटलं, तिनं हे दुसऱ्या कोणाकडून ऐकायला नको.

तुमचा गुडघा बरा झाला तर या. मी ओरडून बोलेन.

आपला,
कप्तान